आमच्या घरची रोजची पंगत

दीड-दोन वर्षं आमच्या घरात दोन्ही वेळेला पंगत बसायची. पंगत म्हणजे सगळ्यांनी मिळून जेवायचं असलं काही गोडगोड मी सांगत नाही. खरी पंगत. हॉलच्या फरशीवर लांब पट्टी अंथरलेली, पुढं पत्रावळी मांडलेल्या, आणि माझा नवरा, सरकारी कार्यालयातला कारकून माणूस, ऑफिसची पँट घोट्याच्या वर दुमडून, हातात स्टीलची बकेट घेऊन "वरण, वरण, वरण" असं ओरडत तीन माणसांसमोरून चाललेला. बकेटीत वरण असायचं जेमतेम दोन वाट्या. पळी नुसती तळाला खणखण वाजायची.

हे सगळं आमच्या पोरीसाठी. पोरगी पाच वर्षांची, एकुलती, आणि जेवणाच्या बाबतीत अशी की तिच्यापुढं मी हात टेकले होते.

त्याआधी ती जे खायची त्याला जेवण म्हणायची माझी हिंमत नाही. पोह्यांतले शेंगदाणे वेचून खायची आणि पोहे तसेच ठेवायची. पापड खायची, पण मोडलेलाच. अख्खा पापड ताटात दिसला की रडायला लागायची, आणि आपण तिच्यासमोर मोडला तर "तू काहून मोडला" म्हणून आणखी रडायची. वांग्याची भाजी घरात शिजत असेल तर नाक दाबून गॅलरीत जाऊन बसायची. वरच्या मजल्यावर एक निवृत्त कंडक्टर काका एकटे राहतात. त्यांच्या हातची कडक झालेली भाकरी मात्र ती मागून खायची. आमची तव्यावरची गरम भाकरी तिला चालत नव्हती. सासूबाई आमच्याजवळच राहतात. त्या म्हणायच्या, "लेकराला भरवायची हातोटी लागती." हे त्या भिंतीकडं बघून म्हणायच्या, पण भिंतीला काही लेकरू नव्हतं. मी भांडी जरा जोरात घासायची.

मग नवरात्रात आमच्या गल्लीत भंडारा झाला. पोरगी बापाशेजारी मांडी घालून बसली आणि पत्रावळीवरची वांग्याची भाजी तिनं दोनदा मागून घेतली. पोळी खाल्ली, वरणभात खाल्ला, बुंदी तर खाल्लीच. मला आनंद झाला आणि रागही आला. त्या आचाऱ्यानं भाजीत काय घातलंय ते मी विचारून आले. त्यानं काहीच घातलेलं नव्हतं, उलट तिखट जरा जास्तच पडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तशीच भाजी केली आणि ताटात वाढली. तिनं ताटाकडं बघितलं आणि म्हणाली, "पंगत कुठं हाय?"

मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे. म्हणून मी फरशीवर चादर अंथरली आणि तिला एकटीला बसवलं. ती म्हणाली, एकट्याची पंगत नसती. बरोबरच होतं. मग सासूबाईंना बसवलं. दोघींचीही नसती म्हणाली. मग वरच्या काकांना हाक मारली. काका जिना उतरून आले ते पुढं दीड-दोन वर्षं आमच्याकडंच जेवले. त्यांच्या हातची भाकरी खाणारं गिऱ्हाईक गेलं होतं, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

पंगतीचे नियम आम्हाला तिनं शिकवले. भंडाऱ्यात तिनं सगळं बारकाईनं बघून ठेवलं होतं. पहिल्यांदा मीठ. वाढप्यानं ओरडल्याशिवाय मीठ वाढलेलं चालायचं नाही. नुसतं गुपचूप मीठ टाकलं तर ती पत्रावळीकडं बघायचीच नाही. पातेल्यातून वाढायचं नाही, बकेटीतूनच. तिनं पानावर आडवा हात धरून "नको नको" म्हटलं की वाढप्यानं आग्रह करायचा, आणि तो केल्यावरच ती हात बाजूला घ्यायची. एकदा माझ्या नवऱ्याला ऑफिसला उशीर झाला होता. तिनं "नको" म्हटलं, त्यानं "बरं" म्हटलं आणि तो पुढं निघून गेला. ती जी रडायला लागली ती थांबेना. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिचं ऐकलं होतं आणि ते तिला अजिबात सहन झालं नाही.

सगळ्यात मोठा नियम शेवटचा. सगळं वाढून झालं की यजमानानं हात जोडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचं आणि प्रत्येकासमोर थांबून "सावकाश होऊ द्या" म्हणायचं. मग सगळ्यांनी मिळून "हर हर महादेव" म्हणायचं. त्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. नवरा वाढपी होता, सासूबाई आणि काका पंगतीत होते, म्हणून यजमानपण माझ्याकडं आलं. म्हणजे पहाटे उठून स्वयंपाक करायचा, डबे भरायचे, आणि मग पदराला हात पुसून सासूबाईंपुढं, काकांपुढं आणि स्वतःच्या पोरीपुढं वाकून सावकाश होऊ द्या म्हणायचं. मनात असायचं, जरा लवकर आटपा, धुण्याचा ढीग पडलाय. पण तोंडानं सावकाश म्हणायचं. मी ते इतक्या वेळा म्हटलंय की एकदा भाजी बाजारात सुट्टे पैसे परत घेताना भाजीवालीलासुद्धा म्हणाले.

पत्रावळींचं दुकान बाजारात आहे. मी दर महिन्याला गठ्ठा आणायला गेले की दुकानदार चेहरा पाडून विचारायचा, "कोणाचं काय झालं, ताई?" पहिल्यांदा मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, पूजा आहे. तिसऱ्यांदा वैतागून म्हटलं, "रोजचं जेवण हाय, दादा." त्यानंतर तो काही विचारायचा नाही. पण मी गेले की दुकानातल्या पोराला डोळ्यांनी खुणवायचा, हे मला दिसायचं.

लेकरांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी तिचं वजन केलं, डोळे बघितले, जीभ बघितली आणि विचारलं, "पंगतीत सगळं खाते का?" मी म्हटलं, सगळं खाते. "मग तक्रार काय आहे?" तक्रार अशी होती की मला माझ्या पोरीला साध्या ताटात, साध्या आवाजात, बकेट न वाजवता एक घास खाऊ घालायचा होता. हे डॉक्टरला कसं सांगणार. औषध म्हणून त्यांनी कसलंतरी टॉनिक दिलं. तेही आम्ही "टॉनिक, टॉनिक" असं ओरडून वाढलं.

लोकांना पंगतीचं माहीत नव्हतं, त्यांना फक्त पोरगी कुठं काही खात नाही एवढंच दिसायचं. पाहुण्यांकडं ती ताटाला हात लावायची नाही. नांदेड रोडच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेलो तर उभ्यानं जेवायचं होतं. ती ताट हातात धरून "बसायचं कधी" असं विचारत राहिली आणि शेवटी उपाशीच घरी आली. सासरच्या भावकीत हे लगेच पोचलं. माझी मोठी जाऊ दर सणाला पोरीचा दंड दोन बोटांत धरायची आणि म्हणायची, "काहून इतकं वाळलंय वं लेकरू? आई खाऊ घालून न्हाई राहिली का?" मी हसायची. असं हसून हसून माझे गाल दुखायचे.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात गावाकडं आबांच्या नव्या घराची वास्तुशांती निघाली तेव्हा मला मनातून फार बरं वाटलं. गाव कळमनुरीच्या पुढं, वारंगा फाट्याच्या अलीकडं उतरून आत आहे. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, सगळी भावकी त्यांना आबाच म्हणते. माणूस करडा. माझ्या लग्नानंतर आठवडाभरातच त्यांनी सासूबाईंना निरोप धाडला होता की सुनेचा आवाज मोठा आहे. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि तोंड मिटून घेते. पण या वेळी सगळं माझ्या बाजूचं होतं. वास्तुशांती म्हणजे पंगत आलीच. खरी पंगत, शंभर पानांची. बकेटी, द्रोण, वांग्याची भाजी, बुंदी. आमच्या पोरीसाठी यापेक्षा चांगलं जेवण या जिल्ह्यात कुठं मिळणार नव्हतं.

मी चुलीपाशी सगळ्या जावांसमोर म्हणाले, "आज बघाच तुमी, माझी पोरगी कशी जेवती ते." मोठी जाऊ म्हणाली, "बघू की." बाकीच्याही बघू म्हणाल्या. मला तेव्हाच गप्प बसायला पाहिजे होतं. पण इतक्या दिवसांचं साचलेलं होतं.

पुरुषांची पंगत आधी बसली. लहान लेकरंही पुरुषांतच बसतात, म्हणून पोरगी पार शेवटच्या पानावर बसली. नवरा वाढायला होता, त्याचा हात सरावलेलाच होता. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिलो. मीठ आलं, भाजी आली, पोळी आली. पोरीनं नको नको म्हटलं, बापानं आग्रह केला. मी मोठ्या जावेकडं एकदा बघून घेतलं. मग सगळ्यांनी जेवायला सुरुवात केली आणि पोरगी हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

नवरा तिच्यापाशी वाकला, काहीतरी बोलला, आणि तसाच माझ्याकडं आला. "ती म्हणती, यजमान आला न्हाई."

गडबड अशी झाली होती की आबांचे परभणीकडचे व्याही आले होते. त्यांनी आग्रह करून आबांना आपल्याशेजारी पहिल्या पानावर बसवून घेतलं होतं. यजमानच पंगतीत बसल्यावर सावकाश होऊ द्या म्हणायला मागं कुणी उरलं नव्हतं. बाकीच्या माणसांना भुका लागल्या होत्या, ती जेवायला लागली. एकट्या आमच्या पोरीच्या हिशेबानं पंगत अजून सुरूच झाली नव्हती.

"तुमी म्हणा की," मी नवऱ्याला म्हटलं.

"म्हणलो. तर ती म्हणती, तुमी वाढपी हाव."

मोठी जाऊ माझ्या कानापाशी येऊन म्हणाली, "न्हाई जेवून राहिली ना?" तिच्या आवाजात वाईट वाटल्यासारखं काहीच नव्हतं.

मला काय करायचं ते कळत होतं आणि ते करायची मला लाज वाटत होती. शंभर पुरुषांची पंगत, पहिल्या पानावर आबा, आणि घर आबांचं. त्या घरात भावकीतल्या धाकट्या सुनेनं यजमान होऊन आबांनाच सावकाश जेवा म्हणायचं. मी सासूबाईंकडं बघितलं. वाटलं, त्या नको म्हणतील आणि सुटेन. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उन्हाचं लेकरू उपाशी कसं राहीन? जा."

मी थेट पोरीपाशी जायला निघाले. तर तिनं तिकडून मान हलवली आणि बोटानं पहिलं पान दाखवलं. मग मी वळले, आबांसमोर जाऊन उभी राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

आबांचा घास हातातच राहिला. त्यांनी वर बघितलं. मी पुढच्या पानाला सरकले, कारण थांबले असते तर तिथंच बसकण मारली असती. व्याही बिचारे हात जोडून "व्हय व्हय" म्हणाले. तिसऱ्याला म्हटलं, चौथ्याला म्हटलं. पाचव्या पानावरचे एक म्हातारे मान वर न करता म्हणाले, "वरण गार हाय, बाई." पंगतीत माणूस तक्रार यजमानाकडंच करतो, त्यांनीही केली. मी मागं बघून म्हटलं, "वरण गरम करून आणा इकडं." पुढचा म्हणाला, पोळी आली न्हाई. त्याच्या पुढचा म्हणाला, मीठच न्हाई वाढलं. मग माझं तोंड सुटलं. दीड-दोन वर्षांची सवय होती. "पोळी इकडं. मीठ तिकडं. त्या कोपऱ्यात पाणी न्हाई गेलं, जरा बघा की." वाढपी पोरं पळायला लागली. माझा आवाज मोठा आहे हे आबांनी पूर्वीच ओळखलं होतं, आता तो शंभर पानांना पुरला.

शेवटच्या पानाशी पोचले तेव्हा पदर खांद्यावर आला होता. पोरीसमोर वाकले आणि म्हटलं. तिनं हात जोडले, "हर हर महादेव" म्हणाली. शंभर माणसांना जेवणाच्या मध्येच तिच्यामागं म्हणावं लागलं. मग ती जेवली. वांगी खाल्ली, दोन पोळ्या खाल्ल्या, वरणभात निपटून खाल्ला. मी दाराशी परत आले. मोठ्या जावेनं बाजूला सरकून मला जागा दिली. मला फार बरं वाटत होतं, आणि आबा आता काय म्हणतील याची भीतीही वाटत होती.

पुरुष उठले, हात धुतले, बाहेर मांडवात सुपारी कातरत बसले. मग दुसरी पंगत, मग तिसरी. बायकांची पंगत सगळ्यात शेवटी बसली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पत्रावळींवर भाजी आली, पोळी आली, भात आला. आम्हाला सडकून भुका लागल्या होत्या. मी पोळीचा तुकडा मोडला आणि शेजारी बघितलं, तर सासूबाई हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"यजमान आला न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, माझी चेष्टा करतायत. पण त्या हसत नव्हत्या. मोठ्या जावेनं तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला. तिच्या शेजारणीनंही ठेवला. बघता बघता सगळ्या पंगतीचे हात मांडीवर आले. आबा सासूबाईंचे थोरले चुलत दीर, आणि आमच्याकडं थोरल्या दिराशी धाकट्या भावाची बायको तोंडानं बोलत नाही, त्यामुळं सासूबाईंनी आमच्या पोरीला हाक मारली आणि दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सांग गं आबाला, बायकांची पंगत थांबलीय म्हणावं."

पोरगी गेली आणि आबांचं बोट धरून त्यांना घेऊन आली. आबा दारात आले. समोर एवढ्या बायका भरल्या पानांवर नुसत्या बसलेल्या. त्यांनी घसा खाकरला, सगळ्यांना मिळून एकदाच हात जोडले आणि म्हणाले, "होऊ द्या सावकाश."

"असं न्हाई, आबा," पोरगी म्हणाली. "पहिल्या पानापासून."

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग बाहेर मांडवाकडं बघितलं. मग टोपी सारखी केली आणि पहिल्या पानापाशी गेले. एकेका सुनेपुढं, एकेका भावजयीपुढं, भांडी घासायला आलेल्या बायांपुढं थांबून त्यांनी हात जोडले. बायका खाली बघत हसत होत्या. माझ्यापुढं आले तेव्हा मीही खालीच बघत होते. त्यांनी म्हटलं, आणि मी म्हणाले, "बुंदी न्हाई आली, आबा."

मी मुद्दाम म्हणाले असं नाही. पंगतीत यजमान समोर आला की जे नसेल ते सांगायचं, एवढंच मला माहीत होतं.

"बुंदी आणा रे इकडं," आबा ओरडले.

आचारी कढई पालथी घालून बिडी ओढत बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "संपली, आबा."

"संपली? आन् बायकायला?"

"बायकायला कव्हा पुरती, आबा? दरवेळी संपतीच की."

आबांनी पंगतीतल्या पानांकडं बघितलं. मला वाटतं, त्यांना हे खरोखर माहीत नव्हतं. त्यांच्या घरात एवढी कार्यं झाली, पण बायकांच्या पंगतीसमोर ते पहिल्यांदाच आले होते. मग ते बाहेर गेले. मांडवातून व्याह्यांचा आवाज आला, गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि आबा स्वतः एक पत्र्याचा डबा काखेत धरून आत आले. व्याह्यांसोबत घरी द्यायला म्हणून भरून ठेवलेली बुंदी होती ती. मागून व्याही हसत हसत येत होते आणि म्हणत होते, "घ्या घ्या, तुमचीच हाय." आबांनी डबा उघडून माझ्या नवऱ्याच्या बकेटीत रिकामा केला आणि त्याला म्हणाले, "ओरड."

"बुंदी, बुंदी, बुंदी," नवरा ओरडला.

आम्ही जेवलो. मला वाटतं, लग्नानंतर मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी कार्यात पोटभर जेवले. कुणाला घाई नव्हती. मोठ्या जावेनं दोनदा बुंदी घेतली, मीही घेतली. बाहेर चहाचं आधण ठेवायला कुणीच नव्हतं, कारण चहा करणाऱ्या सगळ्या पंगतीत बसल्या होत्या. मांडवातून एकदोनदा कुणीतरी चहाचं विचारलं. दारात उभ्या राहिलेल्या आबांनी मागं वळून सांगितलं, बायका जेवून राहिल्यात, थांबा जरा.